मिरजेतलं आमचं चर्च: नव्यानं येणाऱ्यांसाठी

मिरजेत नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती नर्स, लॅब टेक्निशियन, नर्सिंगच्या मुली आणि पेशंट घेऊन आलेले नातेवाईक यांच्यासाठी हे लिहितेय. रूम कुठं मिळेल, मेस कुठली चांगली, हे हॉस्पिटलात कुणीही सांगतं. रविवारी उपासनेला कुठं जायचं, आणि तिथं आपल्याला कुणी विचारेल का, हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. चर्चचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांना आपल्याविषयी असं चार लोकांत लिहिलेलं रुचणार नाही. जुनं आहे, उपासना मराठीत होते, आणि रविवारी सकाळी रिक्षावाल्याला मराठी चर्च म्हटलं की तो आणून सोडतो.

मी मूळची नगरकडची. आमच्याकडची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, अमेरिकन मराठी मिशनची, मिरजेकडच्या जुन्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या. या दोन्ही धारा 1924 साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये एकत्र आल्या आणि 1970 साली सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये. त्यामुळे उपासनेचा क्रम मला नवा नव्हता. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, कधी, वचनांचं वाचन कधी, अर्पणाच्या वेळी उभं राहायचं की बसायचं, सगळं घरच्यासारखंच. पण क्रम ओळखीचा असला म्हणजे माणसं ओळखीची होतात असं नाही. याआधी आम्ही एका मोठ्या शहरात होतो. तिथंही क्रम हाच होता. तिथं पहिल्याच रविवारी एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मिस्टरांचा बाप्तिस्मा कधी करताय?" नंतर माझ्या रात्रपाळ्यांमुळे काही रविवार चुकले, तेव्हा हजेरीचा विषय निघाला. आम्ही जाणं कमी केलं आणि मग बंदच झालं.

माझे मिस्टर ख्रिस्ती नाहीत. साताऱ्याजवळच्या कोरेगावकडचं वारकरी घर, सासऱ्यांच्या गळ्यात माळ. आमचं लग्न दोन्ही घरांना पटवूनच झालं. मी माझ्या देवाची प्रार्थना करते, ते एकादशी करतात, मुलगी दोन्हीकडे जाते. अशा घरानं रविवारी चर्चला एकत्र जायचं म्हटलं तर पहिली भीती हीच असते की दारातच कुणीतरी चौकशी सुरू करेल.

इथं दारात काय झालं ते सांगते. मी नाइट संपवून सरळ आले होते. अंगावर युनिफॉर्म, डोळे जड. पहिलं गीत सुरू झालेलं. दाराशी उभ्या असलेल्या आक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, नाइट करून आलायसा न्हवं? मागं बसा, पंखा हाय तिथं. डोळा लागला तर लागू द्या." मिस्टरांना म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी बी बसा की." गीतांचं पुस्तक हातात दिलं, पान उघडून दिलं आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. नाव नाही, गाव नाही, जात-धर्म नाही. नावं विचारली ती उपासना झाल्यावर, चहाच्या वेळी.

हे असं का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, याचं मूळ या गावात आहे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस 1889 साली भारतात आले आणि 1894 साली मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. सांगली-मिरजेमधल्या वानलेसवाडीला नाव त्यांच्यावरूनच पडलं. तेव्हापासून हे गाव पेशंटांचं गाव झालं. बेळगाव, विजापूर, अथणी, जत, कोकण, कुठून कुठून माणसं इथं येतात. मग सरकारी हॉस्पिटल आलं, खासगी हॉस्पिटलं झाली, वर्दळ वाढतच गेली. त्यातले जे ख्रिस्ती असतात ते रविवारी चर्च शोधत येतात, कपडे चुरगळलेले, रात्रभर आयसीयूबाहेर बसलेले. या मंडळीला अनोळखी माणसाची इतक्या पिढ्यांची सवय आहे की अनोळखी माणूस आत आला म्हणून कुणी वळून बघत नाही. आणि आलेला माणूस थकलेला असणार, हे इथं धरूनच चालतात.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेच्या वेळी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, थांबतात आणि विचारतात, हॉस्पिटलातून कोण आलंय. एकेक जण उभा राहतो. मी असताना एक तरुण उभा राहिला होता, अथणीकडचा, मराठी मोडकंतोडकं. वडील अॅडमिट आहेत एवढंच बोलला आणि पुढं त्याला बोलता येईना. मागच्या बाकावरून एका आजोबांनी कानडीत त्याला काहीतरी विचारलं, त्यानं कानडीत सांगितलं, आजोबांनी ते मराठीत सगळ्यांना सांगितलं आणि मग प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर महिला मंडळातल्या एका काकींनी त्याला वॉर्ड विचारून घेतला. संध्याकाळी डबा गेला. डब्याची त्यांची पाळी ठरलेली असते, कुणाच्या घरून कुठल्या दिवशी, ते वहीत लिहिलेलं असतं. डबा घेणाऱ्याला चर्चला यायची अट नाही, आणि तो ख्रिस्तीच असावा असंही नाही. त्या वॉर्डात शेजारच्या बेडवरच्या मुस्लिम बाईंच्या मुलालाही त्यातलाच डबा मिळाल्याचं मी स्वतः पाहिलंय.

आता माझ्यासारख्यांच्या अडचणीचं बोलते. शिफ्ट ड्यूटी करणाऱ्या माणसाला दर रविवारी येता येत नाही. इथं कुणी त्याचा हिशेब मागत नाही. पण लक्षात मात्र असतं. लागोपाठ काही रविवार मी दिसले नाही की आक्कांचा फोन येतो. "सिस्टर, डेला हाय का नाइटला? तब्येत बरी हाय न्हवं?" बस्स, एवढंच. या रविवारी याच, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. ड्यूटी कळली की मुलीला रविवारच्या शाळेला न्यायला कुणाला तरी पाठवतात. मुलगी आता सुवर्णवचनं, म्हणजे बायबलमधली निवडक वचनं, पाठ करते, तिच्या आजोबांसमोर म्हणून दाखवते, आणि आजोबा तिला त्याबदल्यात हरिपाठाची एक ओळ शिकवतात. माझ्या सासऱ्यांना याचं फार कौतुक आहे.

मिस्टरांविषयी मला जास्त लिहायचंय, कारण मिश्र लग्न केलेल्या मैत्रिणी मला हेच विचारतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. मला त्याचंच टेन्शन होतं. सगळी रांग पुढं जाणार आणि हे एकटे बाकावर बसून राहणार. पण पाळकसाहेबांनी आधीच शांतपणे सांगितलं, की ज्यांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (पुढं स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालंय त्यांनी भोजनासाठी पुढं यावं, ज्यांना फक्त आशीर्वाद हवा त्यांनीही यावं, आणि ज्यांना जागेवर बसून प्रार्थना करायची त्यांनी बसावं, तिन्ही चालेल. नियम आहे तो आहे, तो लपवला नाही. पण नियमाबाहेरच्या माणसालाही काय करायचं ते सांगितलं, त्याला अवघडून बसू दिलं नाही. हे पहिल्या खेपेला बसून राहिले. पुढं कधीतरी आशीर्वादासाठी गेले. का गेलात, असं मी विचारलं नाही आणि चर्चमध्येही कुणी विचारलं नाही.

मग गाण्यांचं. मराठी ख्रिस्ती उपासनेत नारायण वामन टिळकांचे अभंग असतात हे यांना माहीत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाल लागताच यांचा हात मांडीवर ताल धरू लागला. शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. उपासनेनंतर त्यांनी यांना चहाबरोबर टिळकांची सगळी गोष्ट सांगितली. तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं टिळक मानत. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पुढं काही वर्षांनी, स्वतःचं मन झाल्यावर. आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, टिळक मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला गेले आणि तिथं त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात बंधू म्हणून यावेत, अशी त्यांची कल्पना होती. 1919 साली ते गेले. गुरुजी यांना म्हणाले, "साताऱ्याचं पाव्हणं म्हणजे आमच्या टिळकांच्या गावचं." यांचं गाव कोरेगाव, पण यांनी दुरुस्ती केली नाही. घरी आल्यावर किती तरी वेळ ते टिळकांविषयीच बोलत होते.

नाताळच्या आधी गाणाऱ्या मंडळींना टाळ धरायला माणूस कमी होता. गुरुजींनी यांचं नाव सुचवलं. इथं मात्र सगळं गोड गोड झालं नाही. बाप्तिस्मा न झालेल्या माणसानं पुढं बसून उपासनेत वाजवावं का, असा प्रश्न चर्चच्या कमिटीतल्या एका वडिलांनी (ज्येष्ठ सभासदांना इथं वडील म्हणतात) काढला. त्यांचं म्हणणं मला कळतं. उपासना ही त्यांच्यासाठी कार्यक्रम नाही, पुढं बसणाऱ्यानं विश्वासानं बसावं असं त्यांना मनापासून वाटतं. त्यावर बोलणं झालं, आवाज थोडे चढलेही. शेवटी ठरलं, की घरोघरी गाणी म्हणत फिरताना यांनी टाळ धरावा, आणि मुख्य उपासनेत गाणाऱ्यांच्या शेजारी, पहिल्या बाकावर बसून वाजवावं. मला हा निर्णय आवडला. ज्या वडिलांनी हरकत घेतली होती ते नाताळच्या रात्री आमच्या घरी आले, करंजी खाल्ली आणि यांना म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा." हरकत मागं घेतली नाही. पण आले, बसले, बोलले. मतभेद ठेवून घरी येणारी माणसं मला महत्त्वाची वाटतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उपासना सकाळी साडेआठला, संध्याकाळी सहाला एक छोटी प्रार्थनासभा. बसायला बाक आहेत, म्हाताऱ्यांसाठी पुढं खुर्च्या. चपला काढाव्या लागत नाहीत. पवित्र शास्त्र आणि गीतांची पुस्तकं तिथं मिळतात. नंतर चहा आणि भडंग, अधूनमधून कुणाच्या वाढदिवसाचा शिरा. दुचाकी लावायला जागा भरपूर, चारचाकीला नाही. कापणीच्या सणाला मात्र आवर्जून या. लोक शेतातलं पहिलं पीक आणतात, तासगावकडची द्राक्षं आणि बेदाणे, हळदीची हळकुंडं, गूळ, ज्वारी, भोपळे, जिवंत कोंबड्या, आणि उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो. एकेक भोपळा त्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैशांत जातो, कारण पैसे चर्चला जाणार असतात. नवीन माणसानं बोली लावली की बाकीचे हळूच थांबतात आणि ती वस्तू त्याला मिळू देतात. आम्हाला अशीच हळद मिळाली.

उणिवाही लिहिते, म्हणजे कुणाची निराशा व्हायला नको. उपदेश लांबतो. नाइट करून आलेल्याला पाऊण तास जड जातो, वीस-पंचवीस मिनिटांत तेच सांगता येईल असं मला दर वेळी वाटतं. माइकचा आवाज मागच्या दोन ओळींत फाटतो. तरुण संघाची नवी कीबोर्डवरची गाणी आणि जुनी गीतं यांचा अजून मेळ बसलेला नाही, दोन्ही बाजूंचा हट्ट आहे. वार्षिक सभेला नव्या माणसानं जाऊ नये, तिथं जुन्या घराण्यांचे जुने हिशेब निघतात.

आणि रॅम्प नाही. हॉस्पिटलच्या गावातल्या चर्चला रॅम्प नसावा हे मला पटत नाही. डिस्चार्ज झालेला पेशंट, फ्रॅक्चरचा माणूस, वॉकर घेऊन चालणारी आजी, हीच माणसं इथं येतात. तरुण संघाची मुलं खुर्चीसकट उचलून नेतात, प्रेमानं नेतात. पण चारचौघांत उचलून न्यायला लागणं प्रत्येकाला चालत नाही. मी दोघींना त्याच कारणानं दारातून परत जाताना पाहिलंय. एवढं दार उघडं ठेवणाऱ्या मंडळीनं या पायऱ्यांकडे बघायलाच हवं. मी कमिटीला अर्ज दिलाय, आमच्या हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्टकडून उतार किती हवा ते लिहून घेऊन जोडलंय. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे आपल्या दाराशी असलेल्या दोन फुटांच्या चढासाठी साधारण चोवीस फूट. बाजूच्या भिंतीलगत तेवढी जागा आहे, मी मापून पाहिलीय. पावसाळ्याआधी होईल असं पाळकसाहेब म्हणालेत. तोवर व्हीलचेअर असेल तर मागच्या गेटनं या, तिथं एकच पायरी आहे, आणि शनिवारीच कळवून ठेवा, म्हणजे फळी टाकून ठेवता येते.