एपीटी-ऑफलाइन आणि एपीटी-कॅशर-एनजी: तालुक्यावरून खिशात येणारं सॉफ्टवेअर

पाचपैकी चार. एक गुण काहून कापला ते पुढे येईलच.

हे परीक्षण डेबियन 12 आणि 13 (लिनक्सचा एक प्रकार) वरच्या एपीटीचं, म्हणजे नेटवरून सॉफ्टवेअरची पॅकेजं आणून बसवणाऱ्या साधनाचं, आणि त्याच्या वरच्या दोन जोडीदारांचं. धारणी, एटापल्ली, झरी-जामणीकडच्या एखाद्या गावात अभ्यासिकेच्या खोलीत दान म्हणून आलेले सात-आठ जुने डेस्कटॉप आहेत. नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी हा संसार चालतो का, एवढंच बघायचं.

आधी हिशोब. दिवसाला दीड जीबीचा पॅक संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. ‘एपीटी अपडेट’ पहिल्यांदा मारलं की नुसती पॅकेजांची यादी आणि वर्णनं मिळून पंधराएक एमबी येतात. त्या वेगानं अर्धा तास गेला, आणि हाती सॉफ्टवेअर एकही नाही. /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये एक फाईल करून ‘अ‍ॅक्वायर::लँग्वेजेस "नन";’ एवढी ओळ टाकली की वर्णनांचे चार-सहा एमबी वाचतात. इन्स्टॉल करताना ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावलं तर ओझं आणखी घटतं. पण लिब्रेऑफिसला ते लावू नका. नंतर फॉन्ट नाही, स्पेलचेक नाही म्हणून पोरं डोकं खातात.

एपीटीची खरी किंमत कळते ती एका गोष्टीत: डाउनलोड आणि इन्स्टॉल ही दोन वेगळी कामं आहेत. रात्री नेट मोकळं असताना ‘एपीटी-गेट -डी डिस्ट-अपग्रेड’ चालवायचं (एपीटी-गेट ही एपीटीचीच जुनी आज्ञा, ‘-डी’ म्हणजे नुसतं डाउनलोड). फाईली येऊन पडतात, सिस्टिमला धक्का लागत नाही. मधेच लाईन गेली तरी अर्धी फाईल ‘पार्शल’ फोल्डरमध्ये राहते आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे येते. मग दिवसा, इन्व्हर्टर चार्ज असताना, ‘-डी’ काढून तीच आज्ञा.

इथे एक बारीक खोच आहे. ‘एपीटी’नं इन्स्टॉल केलं तर काम झाल्यावर डेब फाईली (उतरवलेली पॅकेजं) आपोआप पुसल्या जातात. ‘एपीटी-गेट’नं केलं तर त्या /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्हज मध्ये तशाच राहतात. बाकीच्या मशिनींवर पेनड्राइव्हनं न्यायच्या असतील तर म्हणून एपीटी-गेटच वापरा. त्याच फोल्डरमध्ये कॉपी केल्या की दुसरं मशीन त्या पुन्हा ओढत नाही. अट एवढीच की डेबियनची आवृत्ती आणि दोन्हींवरच्या याद्या सारख्या हव्यात.

मशिनी एका स्विचला जोडलेल्या असतील तर पेनड्राइव्हही नको. एका डेस्कटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी टाका (एकदा आलेली फाईल साठवून बाकी मशिनींना वाटणारं), त्याला पक्का आयपी द्या, आणि बाकीच्यांच्या कॉन्फ फाईलमध्ये ‘अ‍ॅक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ समोर त्या आयपीचा पत्ता आणि पोर्ट 3142. आठ मशिनींना 300 एमबीचं अपडेट म्हणजे 2.4 जीबी, कॅशरमुळे नेटवरून 300 एमबीच येतं. दोन अडचणी मात्र येतात. सोर्सच्या ओळीत, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची त्या पत्त्यात, एचटीटीपीएस असेल तर कॅशर त्यात काही साठवू शकत नाही, म्हणून साधं एचटीटीपी ठेवा. यादीवर डेबियनची सही असते आणि एपीटी ती तपासतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आणि कॅशरवालं मशीन बंद असलं की बाकी सगळी ‘कनेक्शन फेल्ड’ म्हणत बसतात.

एपीटी-ऑफलाइन त्या गावासाठी जिथे टॉवरच धड नाही. गावच्या मशीनवर ‘एपीटी-ऑफलाइन सेट’ दिलं की मागण्यांची एक छोटी फाईल तयार होते. ती तालुक्याला नेऊन नेटवाल्या कॉम्प्युटरवर ‘गेट’ करा, ‘--बंडल’नं एक झिप बनते, ती परत आणून ‘इन्स्टॉल’. तालुक्याच्या मशीनवर विंडोज असलं तरी चालतं, पायथन हवं.

कापलेला गुण इथलाच. ‘--अपडेट --अपग्रेड’ एकत्र दिलं की अपग्रेडची मागणी जुन्या यादीवरून निघते. सुरक्षेच्या नव्या आवृत्त्या आल्या की सर्व्हरवरून जुन्या फाईली जातात आणि झिपमध्ये निम्म्या गोष्टी 404, म्हणजे ‘फाईल सापडली नाही’. एका चकरेत फक्त यादी, दुसरीत पॅकेजं, असं करावं लागतं. एसटीचं भाडं दोनदा. शिवाय एका मशीनची मागणी दुसऱ्याला चालेलच असं नाही, कारण कोणती अवलंबनं (जोडीला लागणारी पॅकेजं) कमी आहेत हे त्या-त्या मशीनवर ठरतं. आणि एपीटी-ऑफलाइन आधी त्या मशीनवर असायला हवं, ते मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही.

बिघाडांपैकी सगळ्यात जास्त छळतो तो घड्याळाचा. दहा वर्षं जुन्या बोर्डावरचा सीआर2032 सेल मेला की लाईन गेल्यावर तारीख मागे जाते, आणि एपीटी म्हणतं, ‘रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट’. माणूस नेटला शिव्या घालतो, दोष असतो सेलचा. तारीख नीट करा, सेल बदला.

इन्स्टॉल चालू असताना लाईन गेली तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमानं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) अर्धवट राहून मशीन चालूच होत नसेल तर ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून आत या आणि मग हेच करा. म्हणून नव्या कर्नलवर एकदा नीट बूट होईपर्यंत ‘ऑटोरिमूव्ह’ला (न लागणारी जुनी पॅकेजं काढणाऱ्या आज्ञेला) हात लावू नका. ‘हॅश सम मिसमॅच’ (उतरलेली फाईल जुळत नाही) आलं तर /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स रिकामं करून पुन्हा अपडेट. कॅशर असेल तर त्याच्यातली खराब फाईलही काढावी लागते. आणि ‘लॉक’ची तक्रार आली की लॉक फाईल पुसू नका, बापा. मागे दुसरं अपडेट चालू असतं, दमानं घ्या.

बाकी भांडणं एपीटीची नाहीत, मिसळ करणाऱ्यांची आहेत. उबुंटूची पीपीए (उबुंटूसाठीची बाहेरची पॅकेज-भांडारं) डेबियनवर लावायची, ब्राउझरमधून उतरवलेली डेब ‘डीपीकेजी -आय’नं ठोकायची (ते अवलंबनं आणत नाही, ‘एपीटी इन्स्टॉल ./फाईल.डेब’ आणतं), पिपनं (पायथनची पॅकेजं आणणाऱ्या साधनानं) थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये घुसायचं. पिपला तर डेबियन 12 पासून आडवंच केलंय, वेगळं व्हेन्व (पायथनची स्वतंत्र खोली) काढा. फ्लॅटपॅक (अ‍ॅप बसवायची दुसरी पद्धत) चांगलं आहे, पण पहिल्या अ‍ॅपसोबत रनटाइमचे, म्हणजे ते चालवायला लागणाऱ्या सामानाचे, काहीशे एमबी येतात; दीड जीबीच्या पॅकवर ते नको.

मराठीसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा आणि टायपिंगला आयबस-एम17एन, दोन्ही एपीटीतच मिळतात.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला 32-बिट मशिनींसाठी इन्स्टॉलर नाही. ‘एलएससीपीयू’ मारा, 64-बिट दिसलं नाही तर 12 वरच थांबा. आणि सेतू-सेवा केंद्राच्या काउंटरवरचं मशीन बदलू नका. आधारच्या अंगठ्याच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी येतं, तिथे एपीटी काय करणार.