जुनं स्मोकिंग मशीन घेताय? माझे ७,८०,८०० रुपये गेले, आधी हे वाचा

तीन आठवडे झाले, घरात कोणाशी नीट बोलवत नाही, तरी लिहितोय कारण मशीन विकतो म्हणून मला फसवणारा तो माणूस अजून मोकळा फिरतोय. नाशिकच्या अंबडला माझी छोटी टेस्टिंग लॅब आहे, पाणी, तेल, मसाले असलं काम. सिन्नरच्या विडीवाल्यांकडून विचारणा येत होती, निकोटीन-टार काढून द्याल का, म्हणून स्मोकिंग मशीन, म्हणजे विडी-सिगारेट ओढून तिचा धूर गोळा करणारं यंत्र, बघायला लागलो. नवीन मशीन आपल्याला झेपणारं नाही. जुनी जीसी, जुनी एचपीएलसी असली तपासणीची यंत्रं घेऊनच कितीतरी लॅब उभ्या राहिल्यात, त्यामुळे लोभापायी गेला असं कोणी म्हणू नका.

चार पोर्टचं, म्हणजे एका ओळीत चार विड्या लावायचं लिनियर मशीन, १४,७५,००० अधिक जीएसटी २,६५,५००, एकूण १७,४०,५००. ४० टक्के ॲडव्हान्स म्हणजे ६,९६,२०० मी आरटीजीएस केले. मग क्लिअरिंग आणि इन्शुरन्सचे ८४,६००. त्यानंतर आणखी १,१२,००० मागितले तेव्हा कुठे डोळे उघडले. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, फोन बंद, व्हॉट्सॲप ब्लॉक.

झोप लागत नाही ती व्हिडिओमुळे. ॲडव्हान्सच्या आदल्या रात्री त्याने मशीन चालू असल्याचा व्हिडिओ पाठवला, शेवटी एक हात होल्डर उघडून धूर अडवणारं गोल फिल्टर पॅड बाहेर काढतो आणि ते पॅड चांगलं तळहाताएवढं आहे. लिनियरला ४४ मिलीमीटरचं पॅड लागतं, ९२ चं लागतं ते रोटरीला, म्हणजे गोल फिरणाऱ्या मशीनला. हे मला माहीत होतं हो! मी विचारलंही, पॅड मोठं दिसतंय. तो म्हणाला, "सर ॲडॉप्टर आहे, दोन्ही बसतात." आणि मी बरं म्हटलं. वीस वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस मी, आणि बरं म्हटलं.

मशीन बरोबर मोजतं असं सांगणाऱ्या सर्टिफिकेटचंही तेच. स्टँडर्ड पफ म्हणजे झुरका ३५ मिलीचा, २ सेकंदांचा, मिनिटाला एक, त्यात ०.३ मिली इकडेतिकडे चालतं. बबल मीटरवर, म्हणजे साबणाच्या बुडबुड्याने झुरक्याची हवा मोजणाऱ्या नळीवर, मोजलं की पोर्टागणिक थोडा फरक येतोच. इथे चारही पोर्टला ३५.०० छापलेलं. सगळे आकडे असे सारखे दिसले की कागद बाजूला ठेवा आणि मोजणाऱ्या लॅबला स्वतः फोन लावा, कागदावरच्या नंबरवर नाही, त्यांचा नंबर वेगळा शोधून.

वर "वेपचं अटॅचमेंट फ्री". ई-सिगारेट आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंद, विक्री, आयात, साठा सगळंच. मी म्हटलं फुकट देतोय तर देऊ दे, आपण विडीच करणार आहोत. तीच ओळ पुढे माझ्या गळ्यात आली.

कारण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, सिगारेट ओढणारं मशीन म्हणजे काय? मी समजावलं की धूर पॅडवर अडवून त्यातलं निकोटीन मोजतात. मग कोटेशनमधली वेपची ओळ वाचून साहेब मलाच विचारायला लागले की वेपचा धंदा करता का. अहो फसलोय मी, पैसे माझे गेलेत! तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, बँकेत जाऊन स्वतः सही करून पैसे पाठवलेत, हा व्यवहारातला वाद, ठाण्यात जा. परत ठाणं. तिथे म्हणे दिवाणी कोर्टात जा. बँक म्हणते अकाउंट नंबर बरोबर होता, आमचं काम संपलं. चार दिवस नुसत्या चकरा, प्रत्येक टेबलावर तेच प्रिंटआउट, तेच पहिल्यापासून सांगायचं, आणि पोचपावती मागितली की तोंड वाकडं. खोटा माणूस दोन फोनमध्ये सात लाख ऐंशी हजार घेऊन जातो आणि खऱ्या माणसाला साधा शिक्का मिळत नाही.

जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, माझ्या कोटेशनवरचा भलत्याच धंद्याचा निघाला. फर्मचं कोटेशन आणि खातं एकट्या माणसाच्या नावाचं असेल तर एक रुपया सोडू नका. गंडलाय कळल्याबरोबर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी लाजेपायी नऊ दिवस घालवले. आणि सिरीयल नंबर मागून बनवणाऱ्या कंपनीला मेल करा. मी केला तो पैसे गेल्यावर, दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, ते मशीन परदेशातल्या एका लॅबमध्ये आजही चालू आहे.

विड्या टेस्टच्या आधी ४८ तास २२ डिग्री आणि ६० टक्के दमटपणात ठेवाव्या लागतात, त्यासाठी १,३५,००० घालून खोली बांधली ती रिकामी पडून आहे. परवा मराठवाड्यातल्या एका लॅबवाल्याचा फोन आला. त्याच्याकडेही तोच व्हिडिओ, तोच हात, तेच मोठं पॅड. ॲडव्हान्स सोमवारी पाठवणार होता.