बॉम्ब कॅलरीमीटर: यंत्राला चार तारे, बसवायला आलेल्याला दीड

आमच्या साखर कारखान्याच्या को-जन (वीजनिर्मिती) लॅबसाठी यंदा दसऱ्याआधी नवा बॉम्ब कॅलरीमीटर घेतला, म्हणजे 'बॉम्ब' नावाच्या बंद भांड्यात इंधन जाळून त्याची उष्णता मोजायचं यंत्र. सेमी-ऑटोमॅटिक, डिजिटल, जीएसटी धरून दोन लाखांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही. अग्निप्रदीपनाला (हंगामासाठी बॉयलर पेटवायला) बारा दिवस उरलेले आणि बॉयलरवाल्यांचा रोज फोन: "मॅडम, बगॅसचा जीसीव्ही कधी देताय?" बगॅस म्हणजे उसाचा चोथा, आणि जीसीव्ही म्हणजे तो जाळल्यावर मिळणारी एकूण उष्णता.

खोका उघडल्यावर आधी बॉम्बच हातात घेतला. स्टेनलेस स्टीलचा, आत साधारण ३०० मिलीची पोकळी, चांगला वजनदार. झाकणाचे आटे अगदी मऊ फिरतात. पण हायड्रोलिक टेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचं) सर्टिफिकेट खोक्यात नव्हतं. ज्या भांड्यात ३० किलो प्रेशरचा ऑक्सिजन भरून जाळ करायचा, ते किती प्रेशरला तपासलंय याचा कागदच नाही! विक्रीवाला म्हणाला, "सगळे असंच घेतात, मॅडम." मी म्हटलं, सगळे घेत असतील, मी नाही. दुसऱ्या दिवशी ईमेलने सर्टिफिकेट आलं. बॉम्बवर कोरलेला नंबर कागदाशी जुळवला, मगच स्टोअरला पावती दिली.

बसवायला आलेला पोरगा गुणी होता, पण घाईत. त्याला यंत्र खिडकीखाली मांडायचं होतं, कारण प्लग तिथे जवळ. दुपारी त्या खिडकीतून ऊन येतं. आपण अंशाच्या शंभराव्या भागाचा हिशोब करणार आणि पाण्याच्या जॅकेटवर ऊन? आतल्या भिंतीशी मांडलं, एसीच्या झोतापासून लांब. अर्थिंग आमच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. ऑक्सिजनचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला.

मग सिलिंडरवर बसणारा, प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर. आटा अडत होता, म्हणून या पठ्ठ्याने वर्कशॉपच्या फिटरकडून बोटभर ग्रीस मागून आणलं. बोट आट्याला टेकायच्या आत मी ओरडले. भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० किलोच्या आसपास प्रेशर असतं. त्या प्रेशरच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल-ग्रीस भेटलं, तर पेट घ्यायला वेगळी ठिणगी लागेलच असं नाही. त्याला हात साबणाने धुवून यायला लावलं आणि फिटरलाही लॅबच्या बाहेर काढलं. आटा अडत होता तो पॅकिंगमधल्या थर्माकोलच्या कणामुळे! कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसला, सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून धूळ उडवली आणि रेग्युलेटर सुरळीत बसला. मॅन्युअलमध्ये ग्रीसची ताकीद आहे, पण पार मागच्या पानावर बारीक अक्षरात. ती सिलिंडरला लटकवायला पाहिजे.

पहिल्याच झटक्याला सॅम्पल जाळायचं नाही, हा माझा जुना नियम. रिकाम्या बॉम्बमध्ये थोडा ऑक्सिजन भरून तो पाण्यात बुडवला. झाकणाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली, अगदी सोड्यासारखी. पोरगा पान्हा घेऊन झाकण आवळायला निघाला. आमच्या बॉम्बचं झाकण हातानेच बंद करायचं असतं. पान्ह्याने ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) आणि आटे दोन्ही खराब होतात. शिवाय आत प्रेशर असताना त्याला हात लावायचाच नाही. हळूहळू प्रेशर सोडलं, झाकण उघडलं. ओ-रिंगवर बगॅसचा एक तंतू चिकटलेला, केसाएवढा. आमच्या लॅबमध्ये हंगाम नसतानाही बगॅस कुठून येतो देव जाणे. तंतू काढला, पुन्हा भरला, पुन्हा बुडवला. एकही बुडबुडा नाही.

मग बेंझोइक ॲसिड. याची उष्णता ठरलेली असते, म्हणून यंत्र आधी याच्यावर जुळवून घ्यायचं. पेलेट प्रेस सोबत येतो आणि खरंच छान आहे, गोळी फुटत नाही. गोळी एक ग्रॅमच्या आसपास, १.१ च्या वर मी कधीच जात नाही. फ्यूज वायर गोळीला टेकवायची, क्रुसिबलला (गोळी ठेवायच्या वाटीला) नाही. तळाशी एक मिली डिस्टिल्ड पाणी, ऑक्सिजन २५ ते ३० किलो, आणि बॉम्ब बुडवायच्या बकेटमध्ये दोन लिटर पाणी, तेही वजन करून.

इथे एक तारा कापला. फायरिंगच्या बटणाची केबल जेमतेम एक मीटर! म्हणजे बटण दाबणाऱ्याने बॉम्बच्या डोक्यावर वाकूनच उभं राहायचं. मी लांब केबल येईपर्यंत फायरिंग केलं नाही. ओरड केल्यावर आठवड्याने फुकट मिळाली. आता बटण दाबताना आणि नंतर निदान वीस सेकंद कुणीही त्या टेबलाजवळ जात नाही.

एका गोळीचा हिशोब देते. वजन ०.९९८ ग्रॅम, तापमान चढलं २.६१ अंश. बेंझोइकचे ग्रॅमला ६३१८ कॅलरी, त्यात वायरच्या २३ मिळवल्या, की वॉटर इक्विव्हॅलंट, म्हणजे यंत्र एक अंश तापवायला लागणाऱ्या कॅलरी, येतो २४२५. पाच गोळ्या जाळल्या, आकडे एकमेकांना धरून आले. यंत्र चोख आहे, यात वाद नाही.

बगॅस मात्र सुटा घालू नका. १०५ अंशांवर वाळवून, दळून, गोळी करूनच. सुटा घातला की ऑक्सिजन भरतानाच क्रुसिबलमधून उडतो, अर्धवट जळतो आणि बॉम्बभर काजळी. आमचा कोरडा बगॅस ग्रॅमला ४५५० कॅलरीच्या घरात आला. ५० टक्के ओल धरली की निम्मा, म्हणजे २२७५. बॉयलरवाले खूश. जाळून झाल्यावर प्रेशर सोडताना मिनिटभर तरी घ्या आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

स्टररची (पाणी ढवळणाऱ्या पात्याची) मोटर जरा कुरकुरते, पण कानाला सवय होते. पोरगा जाताना फीडबॅक फॉर्म पुढे करून गेला, सगळीकडे 'एक्सलंट' वर टिक आधीच मारलेली. मी खोडून खाली ग्रीसचा किस्सा लिहिला. सोबत जादा ओ-रिंग फक्त दोनच दिल्यात, त्यामुळे ऑर्डर देतानाच डझनभर मागवून घ्या.