दर्शनी दगड उचलायला: सक्शन कप की कात्री क्लॅम्प?

कोरेगावच्या दाजींचा फोन आला. घराच्या पुढच्या भिंतीला काळा घडीव दगड लावायचाय; उचलायला रबरी सक्शन कप (हवा काढून चिकटणारा) घेऊ की कात्री क्लॅम्प (कात्रीसारखे दोन जबडे असलेली पकड)? दुकानदार म्हणतो, कप शंभर किलो पेलतो. पेलत असेल, पण काचेवर!

पकड आधी बघा. कपाला गुळगुळीत, कोरडं, धूळ पुसलेलं अंग लागतं. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, छिन्नीने टाचलेला. रबराखाली हवा शिरते आणि कप सुटतो. एकदा असाच एक ठोकळा माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर आदळला. कात्रीचं उलट आहे. दगड जितका जड, तितके जबडे आवळतात. दोन बाय एक फुटाचा चार इंची ठोकळा पन्नास किलोच्या पुढे जातो. तो कात्रीत धरून चेन पुलीवरच घ्यावा.

बसवताना मात्र कात्री अडते. शेजारचा दगड बसलेला असला की जबड्याला जागा उरत नाही. मग थोडं अंतर ठेवून दगड सिमेंटच्या मालावर टेकवायचा, कात्री काढायची आणि पहारीने हळूच सरकवायचा. कप समोरून धरतो, सांधा थेट जुळतो.

कप स्वस्त, पण उन्हात रबर कडक होतं. कात्रीला पिनेवर ग्रीस पुरे.

दाजींना कात्रीच सांगितली. पॉलिश ग्रॅनाइटच्या पातळ लाद्या लावणाऱ्याने कप घ्यावा.