जर्मनीतलं भाड्याचं घर, एक हिवाळा काढल्यावर

घर तीन खोल्यांचं, रिकामं, बिनमुदतीच्या करारावर घेतलेलं. राहणारी दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. वापर दहा महिन्यांचा, त्यात एक पूर्ण हिवाळा. एवढ्या वापरानंतरचं मत सांगायचं तर, घर मिळेपर्यंत ज्या गोष्टींसाठी जीव टांगणीला लागतो, म्हणजे स्टेशन किती मिनिटांवर, बाल्कनी कुठल्या दिशेला, त्या पुढे फारशा आठवतही नाहीत. त्रास देतात त्या पाहणीच्या पंधरा मिनिटांत कुणी न विचारलेल्या गोष्टी. पाणी कशावर तापतं? स्वयंपाकाचा ओटा कुणाच्या मालकीचा? पत्रपेटीवर नाव कधी लागणार?

आधी जाहिरातीची भाषा. 'तीन त्सिमर' म्हणजे तीन बेडरूम नव्हेत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून उरलेल्या खोल्या मोजतात, तेव्हा तीन त्सिमर म्हणजे आपलं टू बीएचके. क्षेत्रफळात बाल्कनी साधारणपणे पाव हिश्शाने धरतात. उतरत्या छपराखालच्या घरात एक मीटरहून कमी उंचीची जागा मोजत नाहीत, एक ते दोन मीटर उंचीची निम्मी मोजतात. म्हणून पोटमाळ्यावरचं ७० चौरस मीटरचं घर पाय ठेवायला मोठं, पण कपाट लावायला लहान निघतं. मजलाही नीट वाचावा. तळमजला वेगळा, त्याच्या वरचा पहिला. जुन्या इमारतीत लिफ्ट नसेल तर चौथ्या मजल्यावर बाबागाडी आणि पाण्याचे क्रेट कोण चढवणार, हे सही करण्याआधी ठरवावं.

भाड्याचे आकडे दोन असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात कचरा, पाणी, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा वगैरे नेबेनकोस्टेन आणि हीटिंग मिळवलं की वार्ममीटे. हा दुसरा आकडाही पक्का नसतो. नेबेनकोस्टेन ही आगाऊ रक्कम आहे, खरा हिशोब वर्षानंतर होतो. जाहिरात आकर्षक दिसावी म्हणून आगाऊ रक्कम मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. चौघांच्या घरासाठी आकडा फारच हलका वाटला, तर आधीच्या भाडेकरूचा मागच्या वर्षीचा हिशोब दाखवा म्हणावं. वीज वार्ममीटेत जवळजवळ कधीच नसते. घरात स्वतंत्र गॅस बॉयलर असेल तर गॅसचाही करार आपल्याच नावावर होतो, म्हणजे 'वार्म' नावापुरतंच उरतं.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण दहा महिन्यांत खिशाला लागलेला सगळ्यात मोठा चटका हाच. न्हाणीघराच्या भिंतीवर पांढरी पेटी दिसली आणि तिच्यावर १८, २१ किंवा २४ किलोवॅट लिहिलेलं असलं, तर तो डुर्शलाउफएरहित्सर. नळ उघडताच विजेवर पाणी तापवणारा. २१ किलोवॅटची पेटी पूर्ण ताकदीवर दहा मिनिटं चालली की साडेतीन युनिट जातात. चौघांच्या आंघोळीचे रोज १४ युनिट, महिन्याचे ४२० युनिट. युनिट ३५ सेंटला धरलं तर १४७ युरो, आणि हे नुसत्या आंघोळीचे. पेटी इलेक्ट्रॉनिक असेल आणि तापमान ४० अंशांच्या आसपास बांधून ठेवलं, तर ती पूर्ण ताकदीने चालत नाही आणि खर्च बराच उतरतो. जुन्या प्रकारात ती सोय नसते. तळघरातल्या मध्यवर्ती बॉयलरवर पाणी तापणारं घर भाड्याला थोडं महाग दिसलं तरी मोठ्या कुटुंबाला बहुतेक वेळा स्वस्त पडतं. एनर्गीआउसवाइस, म्हणजे इमारतीचा ऊर्जा दाखला, पाहणीच्या वेळी दाखवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याची श्रेणी ए-प्लस ते एच अशी असते. एफच्या खालचं घर घ्यायचं असेल तर हीटिंगचा अंदाज वेगळा काढावा.

आल्या आल्या कायमचं घर मिळेल अशी आशा धरू नये. पहिले दोन-तीन महिने सामानासकट मिळणारं तात्पुरतं घर घेणं बरं. ते महाग असतंच. त्या घराबद्दल एकच प्रश्न विचारावा: इथे आनमेल्डुंग करता येईल का? राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करणं कायद्याने लागतं, आणि १ नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी घरमालकाची सही असलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे आपण तिथे राहायला आल्याचं पत्र, जोडावं लागतं. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. नोंद नसेल तर करक्रमांकाचं पत्र येत नाही आणि पगारातून सगळ्यात वरच्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. सुट्टीसाठी दिलेल्या जागांचे मालक हा कागद सहसा देत नाहीत.

आणि पत्रपेटी. जर्मनीत फ्लॅट नंबर नसतो, पत्र नावावर पोचतं. पेटीवर आणि घंटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. करक्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, सगळं पहिल्या महिन्यातच येतं आणि सगळं पोस्टानेच. इमारतीची अधिकृत पाटी बनायला आठवडे जातात, तोवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवावी. नवरा-बायकोची आडनावं पासपोर्टवर वेगळी असतील तर दोन्ही लिहावीत. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असलेल्यांनी तर नावाचा प्रत्येक भाग लिहावा.

कायमच्या घरासाठी कागदांची फाईल लागते: नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या, भरलेला माहितीचा फॉर्म, शुफाचा दाखला, जमल्यास आधीच्या घरमालकाचं थकबाकी नसल्याचं पत्र. नवख्याची अडचण उघड आहे. शुफा म्हणजे पत नोंदवणारी संस्था, आणि नुकत्याच आलेल्या माणसाची तिथे पाटी कोरी असते. यावर उपाय म्हणजे ते लपवू नये. 'अमुक तारखेला जर्मनीत आलो, नोंद नवी आहे, नोकरीचा करार बिनमुदतीचा आहे' असं जर्मनमध्ये दोन ओळींत लिहावं आणि कंपनीचं पत्र जोडावं. काल्टमीटे निव्वळ पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसते का, हे घरमालक आधी बघतो. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये ठेवावेत. मोठ्या शहरात चांगल्या जाहिरातीला काही तासांत शेकडो अर्ज जातात, दहा जोडपत्रं कुणी उघडत नाही. मुलं आहेत हे पहिल्याच संदेशात लिहावं. नंतर कळलं तर नकारच येतो.

घर न दाखवता पैसे मागणारा तो ठक, यात अपवाद नाही. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दलालाबाबत १ जून २०१५ पासूनचा नियम साधा आहे: ज्याने दलाल नेमला त्याने पैसे द्यायचे. घरमालकाने ठेवलेल्या दलालाला भाडेकरूने दमडी द्यायची नाही, 'फाईल हाताळणी' अशा नावाखालीही नाही.

डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा. बहुतेक करारांत 'चावीच्या वेळी पूर्ण' असं छापलेलं असतं, पण ते कायद्यापुढे टिकत नाही. तरी पहिल्या भेटीत यावरून वाद घालावा का? शंभर अर्जदार रांगेत असताना नाही. सही झाल्यावर हप्त्यांचं पत्र देता येतं.

आता स्वयंपाकघर. रिकामं म्हणजे खरंच रिकामं: सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून दोन पाइप आणि एक डबी बाहेर आलेली. छताला दिव्यांच्या जागी वायरींची टोकं लोंबतात. जाहिरातीत 'ईबीके' असेल तर बांधलेलं स्वयंपाकघर आहे, पण ते कुणाचं? घरमालकाचं असेल तर शेगडी बिघडल्यावर दुरुस्ती त्याची. आधीचा भाडेकरू ते विकत असेल, ज्याला आपलोजे म्हणतात, तर ते आपलं झालं, बिघाडही आपला आणि घर सोडताना काढून न्यायची जबाबदारीही आपली. वस्तूंच्या खऱ्या किमतीपेक्षा अवाच्या सवा आपलोजे मागणं कायद्याला मान्य नाही. सही करण्याआधी यादी, वस्तूंचं वय आणि फोटो घ्यावेत. नवं बांधायचं ठरवलं तर मापं घेण्यापासून बसवण्यापर्यंत आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. तोवर इंडक्शनची एक सुटी शेगडी आणि न्हाणीघरात भांडी. मोठी शेगडी ४०० व्होल्टच्या जोडणीवर चालते, ती इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्यावी. स्वतः जोडली आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

धुरासाठी वरचा हूड 'उमलुफ्ट' आहे की 'आबलुफ्ट', हे पाहणीतच बघावं. उमलुफ्ट हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत खोलीत सोडते. रोज फोडणी होणाऱ्या घरात तो फिल्टर लवकर भरतो आणि मग वास पडद्यांत मुरतो.

हिवाळ्यात या घरांचा स्वभाव कळतो. खिडक्या दुहेरी काचेच्या, घट्ट. चार माणसांचा श्वास, आंघोळ, कुकरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी हवेत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. ते थंड भिंतीवर बसतं. बुरशी पहिल्यांदा दिसते ती बाहेरच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे. घरमालक म्हणणार, तुम्ही हवा खेळती ठेवली नाही. उपाय खर्चाचा नाही, सवयीचा आहे: दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं ठेवायच्या, त्या वेळात रेडिएटर बंद. खिडकी तासन्‌तास तिरकी ठेवणं सगळ्यात वाईट, कारण हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर दूर असावं. एक साधा आर्द्रतामापक घ्यावा, आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. रेडिएटरवरचा ३ हा आकडा साधारण २० अंश. तो ५ वर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त नको तितकी तापते. झोपायच्या खोलीतला रेडिएटर बंद ठेवून शेजारच्या खोलीची ऊब तिच्यात सोडणं हा बुरशी पाळायचा खात्रीचा मार्ग आहे.

न्हाणीघराबद्दल एक आगाऊ सूचना. जमिनीला जाळी नसते. टब किंवा शॉवरच्या बाहेर सांडलेलं पाणी कुठेच वाहून जात नाही, ते खालच्याच्या छतात उतरतं. बादली-तांब्याची आंघोळ करायची तर टबातच. फरशीवर बादलीने पाणी ओतून धुणं विसरावं. हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, पहिल्याच आठवड्यात काढावा आणि त्यात चावी हरवण्याची भरपाई आहे का ते बघावं. एकच चावी मुख्य दार, तळघर आणि घर उघडत असेल तर ती हरवल्यावर सगळ्या इमारतीची कुलपं बदलावी लागू शकतात.

मुलांसाठी पत्ता शाळेआधी ठरवू नये. बव्हेरियासारख्या राज्यात सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. मूल एक वर्षाचं झाल्यापासून बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क म्हणजे हातात जागा नव्हे. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, रविवारी ड्रिल बंद. मिक्सरचं नाव नियमात नसलं तरी रविवारी सकाळी तो आठला लावू नये.

चावी घेताना यूबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे घराच्या स्थितीच्या नोंदीचा कागद, भरताना घाई करू नये. विजेच्या, पाण्याच्या, हीटिंगच्या मीटरचे नंबर आणि आकडे, चाव्यांची संख्या, लाकडी जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा, टाइलांतली भोकं, सगळं लिहून दोघांच्या सह्या. नळ उघडून पाहा, खिडक्या तिरक्या करून पाहा. न नोंदलेला डाग घर सोडताना आपला होतो. विजेचा करार आधी केला नसला तरी दिवे लागतातच, कारण त्या भागातली मूलभूत पुरवठादार कंपनी आपोआप वीज देते. तो दर महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या सूचनेवर सुटका होते. नव्या कंपनीत मागच्या तारखेने नाव नोंदवणं २०२५च्या जूनपासून बंद झालं आहे, म्हणून मीटर नंबर आधीच मागून घ्यावा. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, ते खरंच असतं. घरामागे महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. दुसरं पत्र जोडीदाराच्या नावाने आलं तर पहिल्या पत्रावरचा क्रमांक कळवावा, दोनदा भरू नये.

वर्षाचा हिशोब घरमालकाने हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत पाठवायचा असतो. त्यानंतर तो जास्तीचे पैसे मागू शकत नाही. आपल्याला हरकत घ्यायलाही १२ महिने मिळतात. हीटिंगचा ५० ते ७० टक्के भाग वापरावर, उरलेला क्षेत्रफळावर पडतो, म्हणून रेडिएटर अजिबात न लावताही बिल शून्य येत नाही. केबल टीव्हीचे १ जुलै २०२४ पासूनच्या काळाचे पैसे हिशोबात दिसले तर खोडायला लावावेत. घर सोडायचं तर तीन महिन्यांची सूचना, सही केलेल्या कागदावर. ईमेल चालत नाही. पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचलं तरच तो महिना मोजतात, चौथ्या दिवशी पोचलं की आणखी एका महिन्याचं भाडं. करारात 'क्युंडिगुंग्सफरत्सिश्ट' हा शब्द असेल तर ठरलेल्या मुदतीआधी, कधी दोन वर्षं, कधी चार, घर सोडताच येत नाही. नोकरी प्रोबेशनवर असेल तर सही करण्याआधी हे कलम काढून मागावं.