‘घरगुती बॅलन्स्ड पपी मील’ने मला २२,०२९ रुपयांना चुना लावला

लिहायची लाज वाटतेय, पण नाशिकमध्ये अजून कोणी फसू नये म्हणून लिहितेय. आमचा गुंड्या, लॅब (लॅब्राडोर कुत्रा), घरी आला तेव्हा अडीच महिन्यांचा. इन्स्टावर एक ताई दिसल्या, घरच्या किचनमध्ये बनवलेलं ताजं चिकन-भात-भाजी, ‘१००% बॅलन्स्ड, पिल्लांसाठी स्पेशल’. कन्सल्टेशन ४९९, तीन महिन्यांचा प्लॅन ११,४००, थर्मल बॉक्सचं डिपॉझिट १,२०० आणि ‘बोन बूस्टर’ पावडर १,८५०. सगळं ॲडव्हान्स, जीपेवर. आता म्हणाल एवढे पैसे आधीच कशाला दिलेस, तर पहिल्या आठवड्यात पिल्लू ताट चाटूनपुसून खात होतं हो, तेव्हा कोणाला शंका येते?

आणि शंका आलेली! तेच तर डोक्यातून जात नाही. बूस्टरचा डबा उघडला तेव्हा आईने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, ‘अगं, ही तर नाचणी आहे, तुला लहानपणी सत्त्व द्यायचे तीच.’ मी हसले. हसले मी! वर आईलाच सांगितलं की नाचणीत कॅल्शियम असतं. असतं की, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण त्या ताईंनी सांगितलेला रोजचा एक चमचा म्हणजे २० मिलिग्रॅमसुद्धा नाही आणि त्या वयाच्या लॅबला दिवसाला साधारण ३,००० लागतं. दर्या में खसखस. मी बीएस्सी आहे, हा भागाकार तेव्हा करता आला नसता का? त्यांना मेसेज केलेला, कॅल्शियम कशातून मिळतं? उत्तर आलं ‘मॅम चिकनमध्ये सगळं नॅचरल असतं’ आणि पुढे एक हार्ट. गप्प बसले.

सात आठवड्यांनी गुंड्या दिवाणावर चढेना. पुढचे पंजे पसरट, पाय बाहेर वाकलेले, उचललं की कुईं. डॉक्टरांनी एक्स-रे लाइटसमोर धरला, हाड आणि मांस जवळजवळ एकाच रंगाचं दिसत होतं. मग त्यांनी समजावलं. बिनहाडाच्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला कॅल्शियम १०-१५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० च्या घरात. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून रक्तात घेतं. म्हणजे माझं पिल्लू स्वतःचीच हाडं खात होतं, आणि मी स्टोरी टाकत होते ‘नो केमिकल्स’! एक्स-रे १,४००, रक्त १,६५०, तीन व्हिजिट १,८००, औषधं २,२३०. आणि घाबरून मनानेच कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही, त्यानेही हाडं बिघडतात.

ताईंनी ब्लॉक केलं. पाकिटावरचा चौदा आकडी फूड लायसन्स नंबर ऑनलाइन टाकून बघितला, एका फरसाणवाल्याचा निघाला! (तुम्ही पैसे द्यायच्या आधी बघा, माझ्यासारखं नंतर नाही. आणि नंबर खरा असला तरी ते लायसन्स माणसांच्या खाण्याचं, कुत्र्याच्या नाही.) अन्नवाल्यांच्या ऑफिसात गेले, ‘कुत्र्याचं खाणं आमच्याकडे येत नाही.’ जनावरांच्या खात्यात गेले, तिथला माणूस म्हणाला गाई-म्हशीच्या पेंडीची तक्रार असेल तर बोला. चौकीत दीड तास बसवून साहेब विचारतात, ‘डबे मिळाले ना? कुत्र्याने खाल्ले ना? मग फसवणूक कसली?’ शेजारचा हवालदार म्हणे आमच्या गावाकडची कुत्री भाकरीवर जगतात. अहो मग तुम्ही भाकरीचे ११,४०० घ्या ना माझ्याकडून! अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितल्याशिवाय उठू नका, मी उठले. आता ग्राहक आयोगात टाकतेय, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हे मला कोणी सांगितलं नाही, शोधावं लागलं.

घरचं खाणं वाईट असं मी म्हणत नाहीये. पण पिल्लाच्या वजनावरून ग्रॅममध्ये लिहिलेली रेसिपी आणि त्यात कॅल्शियम, झिंक, व्हिटॅमिन डी कशातून येतं ते न सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नका. ‘रोज भाजी बदलली की बॅलन्स होतं’ हे बोगस आहे, भोपळ्याच्या जागी गाजर घातलं म्हणून कॅल्शियम येत नाही. आणि तीन महिन्यांचे एकदम? कधीच नाही.

गुंड्या आता पिल्लांच्या पाकिटातल्या खाण्यावर आहे, दिवाणावर अजून आम्हीच उचलून ठेवतो. थर्मल बॉक्स बाल्कनीत पडलाय. ताई, डिपॉझिटचे १,२०० पाठवा आणि घेऊन जा.