आप्पांचा नंबर पोर्ट करायला गेलो अन् सोयाबीनचे पैसे घालवून बसलो

हे लिहायला लाज वाटायली, कारण गावात मोबाईलचं काही अडलं की लोकं माझ्याकडंच येतेत. अन् फसलो आम्हीच.

2024 च्या जुलैत रिचार्ज महागलं तवापासून आप्पा मागं लागलते, आपलाबी नंबर दुसऱ्या कंपनीत टाक म्हणून. नंबर मात्र बदलायचा नव्हता, बँकेला तोच, आधारला तोच, पीएम किसानला तोच, पीकविम्याला तोच. मी म्हणलं करू की, पोर्टमधे नंबर तोच ऱ्हातो. दिवाळीनंतर सेलूच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं, पैसे आप्पाच्या खात्यावर आले, अन् तीन-चार दिवसांनी हिशोबाच्या पट्टीसाठी परत गेलतो तर रस्त्याच्या कडंला छत्री लावून एक पोरगं बसलतं. गळ्यात आयकार्ड, "काका सिम फ्री, पोर्ट फ्री". मला आडतीवर जायचं होतं, म्हणून आप्पाला तिथं खुर्चीवर बसवलं अन् मी गेलो. इथंच माती खाल्ली.

मागं काय झालं ते आप्पानं नंतर सांगितलं. पोरानं फोन स्वतःच्या हातात घेतला, त्यातून 1900 ला पोर्टचा मेसेज केला, आठ अक्षरांचा कोड आला तो त्यानंच उतरून घेतला. मशीनवर अंगठा घेतला. मग "काका उमटंना, हात पुसून परत द्या" म्हणून अजून एकदा घेतला. आप्पाचे अंगठे तसेही शेतकाम करून घासलेत, रेशन दुकानातबी तीनदा लावावं लागतं, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं. आधारची झेरॉक्स ठिवून घेतली. मग पाकिटात एक सिम दिलं अन् सांगितलं, तीन दिवसांत जुन्याचं नेटवर्क जाईल मग हे टाका.

आता गंमत बघा, गडी खोटं काहीच बोलला नाही. तीन कामाच्या दिवसांत पोर्ट होतं हा नियमच आहे अन् जुनं नेटवर्क जातं हेबी खरं. त्यामुळं तिसऱ्या रात्री आप्पाचा फोन मुका झाला तर आम्ही उलट खूश! नवं सिम टाकलं, नेटवर्क नाही. पोराला फोन लावला तर म्हणे सर्व्हर डाऊन आहे, उद्या होईल. खरं तर मधे बंद ऱ्हातं ते काही तासच, हे मला माहीत होतं, तरी दोन दिवस मी गपगुमान बसलो.

रविवारी सवयीनं आप्पाचा नंबर लावला तर रिंग गेली. आप्पा समोर बाजेवर बसलेले, फोन उशाला, त्यात आवाज नाही. तिकडून कुणीतरी "हॅलो" म्हणलं, मी म्हणलं "कोण?", तर कट. माझं अवसानच गेलं.

म्हणजे आम्हाला दिलेलं सिम नुसतं प्लास्टिक, अन् आप्पाच्या नंबरचं खरं सिम त्याच्याजवळ. यूपीआयचा पिन आता आधारच्या ओटीपीवरबी टाकता येतो, एटीएम कार्ड लागत नाही. आधार नंबर झेरॉक्सवर, ओटीपी त्याच्याच हातातल्या फोनवर, अजून काय पाहिजे. नव्या मोबाईलवर पहिल्या 24 तासात 5,000 च जातेत, तर पहिल्या दिवशी बरोब्बर 5,000 अन् दुसऱ्या दिवशी तीन टप्प्यात 38,000. पैसे गेल्याचे मेसेजबी त्यालाच!

लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लावला, तक्रार घेतली, पुढं 11,000 तेवढे होल्ड झाले. सोमवारी आप्पाला घेऊन परभणीला नव्या कंपनीच्या मेन दुकानात गेलो, त्यांचा अंगठा देऊन सिम बदलून घेतलं, तसं त्याच्याजवळचं बंद पडलं. असं बदलून घेतलेल्या सिमवर पहिले 24 तास मेसेज येत नाहीत, घाबरू नका. मग बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली, कारण तवा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम लागू होता, आपली चूक नसंल तर नुकसान आपल्यावर येऊ नये म्हणून तीन कामाच्या दिवसांत कळवावं लागायचं. साहेब म्हणे ओटीपी सांगितला का कुणाला? आप्पा म्हणले, सांगायला फोन कुठं चालू होता साहेब.

पोर्ट करायचंच असंल तर 1900 ला मेसेज आपल्या हातानं करा. कोड चार दिवस चालतो, त्यामुळं घाई काहीच नसती, तालुक्याला कंपनीच्या दुकानात जाऊन द्या. अंगठा दुसऱ्यांदा मागितला तर पहिल्याचं काय झालं ते त्याच्या स्क्रीनवर बघा. मशीनमधे टाकलेला सिमनंबर अन् हातात दिलेल्या कार्डावरचा छापील नंबर जुळवा, हे मी केलं असतं तर तिथंच सापडला असता. शंका आली तर पोर्टचा अर्ज दिल्यापासून 24 तासाच्या आत 1900 लाच कॅन्सलचा मेसेज टाकता येतो. अन् नेटवर्क गेलं की दुसऱ्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावून बघा.

छत्रीच्या जागी आता रसवंती लागलीय. परवा संचार साथी ह्या सरकारी साईटवर आप्पाच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं, तर आमचे दोन अन् तिसरा अनोळखीच, तो दुसऱ्या अंगठ्याचा. "माझा नंबर नाही" करून टाकलाय, रोज स्टेटस बघायलोय.